मैत्रीचं पिवळं कार्ड

आदिलाबादजवळच्या मावल्यात उतरून कोणालेही विचारा, पंचफुलाचं झेरॉक्स कुठी आहे. चहावाला चहा गाळता गाळता हनुवटीनंच दाखवते. दुकानावर पाटी नाई. होती, वादळात उडाली. मंग ध्यानात आलं की पाटीवाचूनही लोक येतातच, तर कायले लावायची?

बावीस वर्षं झाली दुकानाले. या बावीस वर्षांत अर्धा मावला माझ्या कम्प्युटरात येऊन बसला. लोक हात हलवत येतात. "पंचफुलाबाई, आधार काढा माझा." तेलुगू माणूस असला तर "अक्का, ना मेमो", म्हणजे दहावीच्या मार्कांचा कागद. मी नाव टाकते, फाइल उघडते, घर्रकन प्रिंट. कोणाच्या फाइलीले काय नाव द्यायचं हे माझं मी ठरवते. 'लक्ष्मणराव वांगेवाले'. 'लक्ष्मणराव दुसरे'. 'चंचल पार्लर'. 'दादाजी, लय बोलते'. त्या दादाजीनं एक दिवस स्क्रीनवर ते वाचलं आणि असं काऊन लिहिलं म्हणून अर्धा तास बोलला.

हसू नका. हे मी हौस म्हणून नाई केलं. माझी माय दुसऱ्याच्या वावरात निंदायले जाये. तिच्या नावाचा घरात एक कागद नव्हता, जन्माचा नाई, लग्नाचा नाई. मले शाळेसाठी जातीचा दाखला पाहिजे होता, तर दरख्वास्त घेऊन आमी मायलेकींनी दफ्तरात सात चकरा मारल्या. आठव्या चकरेले तिथला माणूस म्हणे, मागचे कागद सापडून नाई राह्यले, नवीन आणा. माय तिथंच पायरीवर बसली. तिचं ते बसणं मले आजही दिसते. कागद हरवला की गरीब माणूस हरवते, हे तवाच मनात पक्कं झालं. मंग दुकान टाकलं तवा ठरवलं, की मावल्यातल्या कोणाचा कागद मी हरवू देणार नाई.

एवढं चांगलं मन माझं. आणि त्याच मनानं मी मैत्री नावाच्या पोरीची सोयरीक मोडली.

पण पहिले रश्मीचं सांगते. रश्मी माझी पोरगी, हैदराबादेत कम्प्युटरच्या कंपनीत आहे. उन्हाळ्यात दीड-दोन महिने घरून काम करायले आली, आणि दुकानातच बसे, कारण घरचा कूलर बिघडला होता. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या स्क्रीनकडं पाह्यलं आणि हातातला चहा तसाच राह्यला.

"आई, हे काय आहे?"

"गाव आहे."

"या लोकाईनं तुले ठेवायले सांगतलं का?"

"नको म्हणून कोणी सांगतलं?"

"पासवर्ड तरी आहे?"

"आहे ना. एक दोन तीन चार."

"आणि तो भिंतीवर काऊन लिहिला?"

"अवं, मी जेवायले गेली की चहावाला प्रिंट काढून देते लोकाईले. त्याले कसा समजन?"

तिनं कपाळाले हात लावला. तिचा धंदाच तो आहे म्हणे. लोकाईच्या ओळखीचे कागद लोकाईच्याच हातात कसे राह्यतील, हेच ते दिवसभर करतात.

"म्हणजे असं, आई," ती म्हणे. "ज्याचा कागद त्याच्या फोनात. देणाऱ्याचा शिक्का त्याच्यावर, खोटा करता येत नाई. मधात कोणाची तिजोरी नाई, आमच्या कंपनीचीही नाई. कोणी विचारलं, ही बाई अठराच्या वर आहे का, तर फोन नुसतं 'हो' म्हणन. जन्मतारीख नाई, पत्ता नाई, बापाचं नाव नाई. विचारलं तेवढंच."

"आणि झेरॉक्स?"

"लागणारच नाई."

"वा! शिकवलं, मोठं केलं, आणि मायच्याच पोटावर पाय?"

"तुह्या पोटाचं नाई म्हणत मी, या कम्प्युटराचं म्हणते."

"मले नको शिकवू. बावीस वर्षांत माझ्याकडून एक कागद हरवला नाई."

"हरवला नाई, खरं आहे. पण कोणा कोणाच्या हातात गेला, हे माहीत आहे का तुले?"

मी तिले मागच्या खोलीतला फ्यूज पाहायले पाठवलं. फ्यूजले काही झालं नव्हतं.

आता मैत्री. मैत्री म्हणजे आमच्या शेजारच्या बयनाबाईची पोरगी. बयनाबाई आणि मी लहानपणी एकाच बांधावर बसून भाकर खाल्ली. मैत्री शाळेत गणित शिकवते. तिले वांकिडीचं स्थळ आलं होतं, प्रितम नावाचा पोरगा, आसिफाबादेत दफ्तरात क्लार्क. एकदा भेटले, मंग फोनवर बोलून राह्यले होते. फोन वाजला की पोरगी बाल्टी विहिरीवरच सोडून धावे. येत्या रविवारी तो मावल्याले येणार होता, सोयरीक पक्की करायले.

त्याच्या अगोदरच्या शुक्रवारी दुपारी दुकानात एक पाहुणा आला. पांढरा शर्ट, खिशाले दोन पेन. "जयभीम बाई. एक झेरॉक्स पाहिजे होता." झेरॉक्स एकच, पण चहा दोन सांगतले. तवाच मी ओळखलं, हा चौकशीले आला. आमच्याकडं सोयरीक पक्की व्हायच्या अगोदर मुलाकडचं एक माणूस असंच येते. पहिले किराणा दुकानात साबण घ्यायचे, नाई तर पिठाच्या चक्कीवर बसायचे, आणि गोष्टी गोष्टींत पोरीचं विचारायचे. आता साबण सोडून झेरॉक्स काढतात.

हा होता मोतीराम, प्रितमचा मामा. प्रितमचा बाप लवकर गेला, या मामानंच त्याले वाढवला.

"बयनाबाईची पोरगी कशी आहे बाई?"

"कशी म्हणजे? सोनं आहे सोनं! अख्ख्या शाळेत तिच्यासारखं गणित कोणी शिकवत नाई."

"मार्क बरे होते म्हणतात."

"बरे?" मले रागच आला. "बरे काय म्हणता भाऊ! हे पाहा!"

आणि मी फाइल उघडली. वरून स्क्रीनही फिरवून दिली त्याच्याकडं, त्याले मान वाकडी करायले लागू नये म्हणून. दहावीचा मेमो, इंटरचा म्हणजे बारावीचा मेमो, बीएडचा, आधार, जातीचा दाखला, आणि खालच्या रांगेत एक पिवळं कार्ड.

ते सिकलसेलच्या तपासणीचं कार्ड. आमच्या भागात शाळा-कॉलेजात शिबिरं होतात, रक्त पाहतात, कार्ड देतात. पिवळं म्हणजे वाहक. वाहक म्हणजे आजारी नाई, हे मैत्रीच शाळेत पोराईले समजावून सांगते. तिले स्वतःले काही त्रास नाई, दिवसभर पन्नास पोराईमागं धावते. फक्त नवरा-बायको दोघंही वाहक असले तर होणाऱ्या लेकराले तो आजार व्हायची भीती राह्यते. म्हणून लग्नाच्या अगोदर दोघांनी एकमेकांचं विचारून घ्यावं, एवढीच गोष्ट. एका फॉर्मसाठी तिनं ते कार्ड माझ्याकडं स्कॅन केलं होतं. फॉर्म कधीचा गेला, कार्ड माझ्याकडंच राह्यलं.

मोतीरामनं खिशातून चष्मा काढला, लावला, पाह्यलं, आणि चष्मा पुन्हा खिशात ठेवला. "मार्क चांगले आहेत," म्हणे. चहा अर्धाच सोडून गेला. मले वाटलं, गडी खूश झाला. मी मनातल्या मनात मैत्रीच्या लग्नात कोणती साडी नेसायची ते ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी बयनाबाईले त्याचा फोन आला. आमी पोरीचं कार्ड पाह्यलं, तुमी लपवून काऊन ठेवलं, आमचा विचार नाई.

मैत्री दुकानात आली तवा रश्मी आणि मी दोघीच होतो. ती रडून नव्हती राह्यली. रडली असती तर बरं झालं असतं.

"मावशी," ती म्हणे, "माझं पिवळं कार्ड घरी माझ्या पेटीत आहे. दुसरं कुठी आहे?"

मी स्क्रीनकडं बोट दाखवलं.

"मी उद्या त्याले स्वतः सांगणार होती. आठ दिवस झाले, आरशासमोर उभी राहून म्हणून पाहून राह्यली, पहिले काय म्हणू, मंग काय म्हणू. ते सांगणं माझं होतं, मावशी. तुमी मामाले दाखवलं आणि मी लपवणारी झाली."

मंग मीच रडली. ढसाढसा रडली, पदर तोंडात कोंबून. माझ्या मायले दफ्तरातल्या माणसानं पायरीवर बसवलं, आणि मी काय केलं? मी तर चांगलं करायले गेली आणि पोरीले रस्त्यावर उभी केली.

पण माझं एक आहे. मी फार वेळ रडत नाई, मले राग येते. डोळे पुसले आणि माउस हातात घेतला.

"थांब! हा प्रितम मागच्या वर्षी परीक्षेच्या कामानं आदिलाबादले आला होता, तवा फॉर्म इथीच भरला त्यानं. त्याचीही फाइल आहे माझ्याकडं. त्याईच्या घरात काय काय आहे, पाहूच आता! मोठे आले पांढऱ्या शर्टाचे!"

फाइल सापडली. 'प्रितम वांकिडी, घाईत'. बोट दाबायचंच बाकी होतं, तर मैत्रीनं माझा हात धरला, माउससकट.

"नको मावशी."

"अवं, एका मिनिटात समजन!"

"म्हणूनच नको. मामानं माझं माझ्यामागं पाह्यलं. आता मी त्याचं त्याच्यामागं पाहू? मंग माझ्यात आणि त्याईच्यात काय फरक?"

तिचा हात थंडगार होता. एवढं झालं तरी हे त्या पोरीले सुचलं, आणि मले एवढ्या वयाची होऊन नाई सुचलं. लाज वाटली मले. खरीखुरी लाज.

रश्मी कोपऱ्यात बसून होती. 'मी म्हटलं होतं ना' असं ती म्हणाली नाई, आणि त्याबद्दल मी जन्मभर तिचे उपकार मानीन. दोघीच्या समोर मी मैत्रीची फाइल पुसली, आणि प्रितमची न उघडता पुसली.

"आता काय करतेस, आई?" रश्मीनं विचारलं.

"वांकिडीले जाते उद्या."

आमच्याकडं बायाईले बस फुकट आहे, फक्त कंडक्टरले आधार दाखवावं लागते. त्याले पाहायचं एवढंच, की ही बाई याच राज्यातली आहे का. पण त्या कंडक्टरनं माझं कार्ड डोळ्याजवळ नेलं, निवांत वाचलं आणि म्हणे, "अम्मा, आप तो मेरी अम्मी से भी बडे हैं!" अर्धी बस हसली. पहिले मीही हसली असती. त्या दिवशी माझ्या मनात आलं, अरे भैताडा, तुले हे कोणी विचारलं? परत येताना मी जन्मतारखेवर अंगठा ठेवूनच कार्ड पुढं केलं. तो दुसरा कंडक्टर म्हणे, अंगठा काढा. मी म्हटलं, कायले? वय वाढलं की तिकीट लागते का? त्यानं फुकटचं तिकीट फाडून दिलं.

वांकिडीत मोतीरामचं घर विचारत विचारत गेली. अंगणात खाट, खाटेवर मोतीराम. मले पाहून उठून बसला. मी पाणी घेतलं नाई, बसली नाई. म्हटलं, बसली की धीर जाईन.

"मोतीरामभाऊ, मैत्रीनं काही लपवलं नाई. आजच ती तुमच्या प्रितमले सांगणार होती, स्वतःच्या तोंडानं. तिच्या अगोदर मी तुमाले दाखवलं. दाखवायचा अधिकार मले नव्हता आणि पाहायचा तुमाले नव्हता. चूक झाली ती माझी झाली. त्याच्यासाठी पोरीले नकार देऊ नका."

तेवढ्यात घरातून एक पोरगा बाहेर आला, हातात टॉवेल. तोच प्रितम.

"कोणता नकार, मामा? तुमी तर म्हटलं, तिकडूनच नको म्हणाले?"

बाप्पा! मोतीराम खाली पाहून राह्यला. मले वाटलं आता भांडण होईन, आणि खरं सांगते, मी मनात कंबरही कसली होती. पण मोतीराम भांडला नाई. त्याचा आवाजच बसला.

"तुह्या बहिणीले मी मांडीवर घेऊन दवाखान्यात नेत होतो, प्रितम. नऊ वर्षांची होती. रात्ररात्र हाडं दुखायची तिची, मामा दाबून दे म्हणायची. मले ते पुन्हा पाहायचं नाई रे. म्हणून खोटं बोललो."

माझा सगळा राग जागीच बसला. कोणत्या कार्डाची गोष्ट आहे, हे आता त्या अंगणात कोणाले सांगायची गरज नव्हती. प्रितम बराच वेळ टॉवेलची घडी करत राह्यला, उलगडत राह्यला.

"मामा," तो म्हणे, "तिनं सांगतलं नाई म्हणता. मी तरी कुठी सांगतलं तिले, माझ्या बहिणीचं?" आणि मंग माझ्याकडं वळला. "मावशी, माझं कार्ड तर..."

"थांब!" मी दोन्ही कानांवर हात ठेवले. "मले नको सांगू! माझ्या पोटात राह्यत नाई!"

एवढ्या दुःखात तो पोरगा फसकन हसला. मोतीरामच्याही मिशीखाली थोडं हललं.

"मंग तिलेच सांगतो," प्रितम म्हणे. "मामानं काय पाह्यलं, हे मले माहीतच नाई असं समजून येतो."

मी मावल्याले आली ते डोक्यात एकच घेऊन. या वेळी मधात कोणी नाई पाहिजे. मोतीराम नाई, बयनाबाई नाई, आणि सगळ्यात पहिले पंचफुला नाई. रश्मीले म्हटलं, तुह्या त्या कंपनीत या दोघाईचं काही होते का पाहाय.

तर होते म्हणे. काम अजून चाचणीतच आहे, पण आदिलाबादची एक लॅब त्याच्यात आहे. मैत्री आणि प्रितम दोघांनी, वेगवेगळ्या दिवशी जाऊन, नवीन तपासणी केली. लॅबनं निकाल शिक्का मारून ज्याच्या त्याच्या फोनात टाकला. कोण कोणासाठी तपासून राह्यलं, हे लॅबलेही माहीत नाई. आता दोन फोन समोरासमोर धरायचे. प्रश्न एकच, दोघंही वाहक आहेत का? फोन 'हो' म्हणन नाई तर 'नाई' म्हणन, आणि तेही फक्त त्या दोघाईच्या स्क्रीनवर.

"आणि कोणाचं कार्ड कोणतं, ते?" मी विचारलं.

"ते फोन नाई दाखवत. सांगायचं असलं तर त्याईचं ते सांगतील."

पुढच्या रविवारी दोघं माझ्या दुकानासमोर, चहावाल्याच्या बाकावर बसले. मी दुकानात. मी काही पाहून नव्हती राह्यली, मी झेरॉक्स मशीनचं झाकण पुसून राह्यली होती. सात वेळा पुसलं. आठव्या वेळी रश्मीनं फडकं हिसकून घेतलं.

पहिले मैत्रीच बोलली, हात हलवून हलवून, वर्गात शिकवते तशी. आठ दिवस आरशासमोर जे म्हणून पाह्यलं, ते शेवटी त्याच्यासमोर म्हणता आलं तिले. मंग तो बोलला, हळू, खाली पाहून. मंग दोघांनी फोन समोरासमोर धरले. वाकून पाह्यलं. मैत्रीनं डोळ्याजवळ हात नेला. रडली का घाम पुसला, अवं माय, काही समजेना! मंग प्रितम काहीतरी बोलला. मंग चहावाल्याले आणखी दोन चहा सांगतले. ही कायची निशाणी, सांगा ना! चांगलं निघालं म्हणूनही माणूस चहा पिते आणि वाईट निघालं म्हणूनही पिते.

अर्ध्या तासानं मैत्री दुकानाच्या दारात आली.

"मावशी..."

"मले काही विचारायचं नाई," मी म्हटलं. पण ते असं काही म्हणून गेली, की रश्मी आणि मैत्री दोघीही पोट धरून हसायले लागल्या. मंग मीही हसली. पण विचारलं नाई. दाताखाली जीभ धरून उभी राह्यली, पण नाई विचारलं.

त्याच संध्याकाळी दुकानावर पाटी लागली, कितीक वर्षांनी. 'आपापले कागद आपापल्या फोनात घेऊन जा. आठ दिवसांनी सगळं पुसणार.' लोक काय चिडले म्हणता! लक्ष्मणराव वांगेवाले म्हणे, बाई, मी आता कागद घरी ठेवू का? घरी तर उंदरं आहेत! दादाजीनं पाऊण तास भाषण दिलं. मी एकेकाले बसवलं, ज्याचं त्याले दिलं, आणि स्क्रीन त्याच्याकडं फिरवून त्याच्या डोळ्यासमोर पुसलं. आठ दिवसांचे दहा झाले. शेवटी एकच उरलं, माझ्या मायचं मतदानाचं कार्ड, म्हातारपणी मिळालेला तिचा एकुलता एक कागद. ते मी माझ्या फोनात घेतलं. धंदा कमी झाला, खोटं कायले बोलू. पण फॉर्म भरायले लोक येतातच, आणि आता कागद हातात घेऊन येतात.

पंधरवड्यानं मोतीराम आला. तोच पांढरा शर्ट, तेच दोन पेन. चहा दोन सांगतले.

"बाई, लग्न ठरलं."

"समजलं मले."

"मंग काय निघालं होतं हो त्या दिवशी? पोट्टा काही सांगत नाई. म्हणे, मामा, आमी दोघं डॉक्टरले भेटून आलो, तुमी काळजी करू नका."

"मले माहीत नाई."

"तुमाले?" त्यानं चष्मा काढून लावला. "तुमाले माहीत नाई?"

"नाई."

"पण लग्न करून राह्यले, म्हणजे मंग..."

"म्हणजे काही नाई, भाऊ. डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत, दोघंही शिकलेले आहेत. काय निघालं ते त्याईले माहीत, काय करायचं तेही त्याईले माहीत. तुमी आहेराचं पाहा."

त्यानं एक पेन काढला, पुन्हा खिशाले लावला. मंग हळूच म्हणे, "माहीत नसलं की झोप लागते का हो बाई?"

"पहिले दोन दिवस नाई लागत," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी लागते."

या वेळी त्यानं चहा पूर्ण पिला.

लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन मैत्री स्वतः आली, एकटीच. मी पहिलेसारखं शंभर प्रश्न नाई विचारले. दोघाईची नावं, तारीख, जागा. एवढंच. टाइप केलं, एक प्रिंट काढली, तिनं वाचली. मंग मी सवयीनं स्क्रीन तिच्याकडं फिरवली आणि माउस हातात घेतला.

"पाहाय, मैत्री. पुसून राह्यली."

तिनं माझा हात धरला, माउससकट. तसाच, त्या दिवशी धरला होता तसा. पण या वेळी तिचा हात गरम होता.

"ही नका पुसू, मावशी. ही ठेवा."

मले स्क्रीनवरचं काही दिसेना झालं. पदरानं डोळे पुसले तरी दिसेना. शेवटी रश्मीलेच म्हटलं, तू टाइप कर, मी सांगते ते नाव टाक.

आता माझ्या कम्प्युटरात एकच फाइल आहे. 'मैत्री, तिनं ठेवायले सांगतली'.